पाण्याखाली चालणारा खुणेचा दिवा घरी कसा बनवावा

अंधाऱ्या किंवा गढूळ पाण्यात सोबत डुबकी मारणाऱ्या जोडीदाराची जागा कळावी म्हणून लावायचा लुकलुकता दिवा घरी बनवता येतो. मात्र तो नेहमी जादा साधन म्हणूनच वापरावा, मुख्य दिव्याच्या जागी नव्हे.

खरी कसोटी दिवा ज्यात बसवायचा त्या बंद डबीची असते. 30 मीटर खोलीवर पाण्याचा जादा दाब सुमारे 3 बार असतो, म्हणजे 5 सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर साधारण 60 किलो वजनाइतका भार येतो. त्यामुळे जाड भिंतीची ॲक्रिलिक नळी घ्यावी आणि बटणासाठी भोक मुळीच पाडू नये. आत रीड स्विच (चुंबक जवळ आला की जोडला जाणारा स्विच) बसवून बाहेरून चुंबक सरकवला की दिवा लागतो. एलईडी हिरवा किंवा पांढरा असावा, कारण लाल प्रकाश पाण्यात सर्वांत आधी शोषला जातो.

ओ-रिंग, म्हणजे झाकणाच्या सांध्यातून पाणी शिरू न देणारी रबरी कडी, बसवण्यापूर्वी तिची खाच पुसून बोटाने चाचपावी, कारण एक केस किंवा वाळूचा कण अडकला तरी पाणी आत शिरते. रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा केवळ चकाकी येईल इतका पातळ थर द्यावा. गळती पुष्कळदा उथळ पाण्यातच होते, कारण रिंग घट्ट दाबून धरण्याइतका दाब तेथे नसतो.

पहिली चाचणी सर्किट न घालता घ्यावी: आत कोरडा टिश्यू कागद ठेवून, वजन बांधून, डबी दोरीने ठरलेल्या खोलीपेक्षा थोडी अधिक खाली अर्धा तास सोडावी. कागद किंचितही ओलसर झाला, तर रिंग बदलून चाचणी पुन्हा घ्यावी. लिथियम सेल असलेल्या डबीत पाणी शिरल्यास आत वायू साठून झाकण जोराने उडू शकते, म्हणून ती चेहऱ्यापासून दूर धरूनच सावकाश उघडावी.