मुलाच्या बार मित्स्वाची तयारी कशी करून घ्यावी

यहुदी मुलगा १३ वर्षांचा झाला की तो बार मित्स्वा होतो. धर्माज्ञा पाळण्याची जबाबदारी त्या दिवसापासून त्याची स्वतःची. हे वयाने आपोआप घडतं. त्या दिवशी त्याने तोरा, म्हणजे मोशेची पाच पुस्तकं, वाचली नाही तरी घडतं. हे आधीच सांगते, कारण आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुदी, घरांत बरेच आईबाप हॉल आणि केटररपासून सुरुवात करतात आणि मूल शेवटचे दोन महिने पाठांतराच्या धास्तीत काढतं. क्रम उलटा ठेवा. आधी वाचन, मग तेफिलीन (तोरातल्या ओळी आत ठेवलेल्या, प्रार्थनेवेळी हाताला आणि डोक्याला बांधायच्या चामडी डब्या), मग भाषण. जेवणाचं शेवटी बघता येतं.

तारीख ठरवा

साधारण वर्षभर आधी हझानसाहेबांना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, भेटा. जाताना मुलाचा जन्मदाखला घ्या आणि जन्माची वेळही विचारून ठेवा. हिब्रू दिवस सूर्यास्ताला बदलतो, त्यामुळे सूर्यास्तानंतर मध्यरात्रीआधी जन्मलेल्या मुलाची हिब्रू तारीख पुढच्या दिवसाची निघते. आदार महिन्यात जन्मलेल्या मुलांचं जास्त काळजीने पाहावं लागतं. हिब्रू पंचांगातही १९ वर्षांत ७ वेळा अधिक महिना येतो आणि त्या वर्षी आदार दोन होतात. साध्या वर्षी आदारात जन्मलेल्या मुलाची १३ वर्षं अशा वर्षी पूर्ण होत असतील, तर दुसरा आदार धरतात. समारंभ या तारखेनंतर कधीही ठेवता येतो, म्हणून शाळेच्या परीक्षेशी झटापट करू नका.

आता वार. तोरा सोमवारी, गुरुवारी आणि शब्बाथला (शुक्रवार सूर्यास्तापासून शनिवारपर्यंतचा विश्रांतीचा दिवस) वाचतात. माझं स्पष्ट मत गुरुवारच्या बाजूने आहे. शब्बाथला तेफिलीन बांधत नाहीत, फोटो काढता येत नाहीत, आणि डोंबिवली-ठाण्याहून येणाऱ्या नातेवाइकांना नियम पाळून प्रवास करता येत नाही. शिवाय शब्बाथला अख्खा पाराशा (त्या आठवड्याचा तोराचा भाग) असतो, वर हफ्ताराही (संदेष्ट्यांच्या पुस्तकांतला उतारा). गुरुवारी येत्या शब्बाथच्या पाराशाचा सुरुवातीचा छोटा भागच वाचतात आणि त्यासाठी तीनच जणांना बोलावतात. पहिल्यांदा उभ्या राहणाऱ्या मुलाला तेवढं पुष्कळ होतं.

एक गोष्ट मात्र पक्की करा: मिन्यान. १३ वर्षांवरचे १० यहुदी पुरुष जमल्याशिवाय तोरा बाहेर काढून वाचता येत नाही. १९४८नंतर आपली बहुतेक मंडळी इस्राएलला गेली, आणि अलिबाग-पेणकडच्या सिनेगॉगमध्ये (यहुदी प्रार्थनाघरात) आडवारी सकाळी १० माणसं जमवणं सोपं राहिलेलं नाही. आजोळच्या गावी समारंभ करायची हौस असेल तर जरूर करा, पण कोण येणार याची नावं लिहून काढा आणि आदल्या रात्री पुन्हा फोन करा.

वाचन

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. सेफेर तोरामध्ये, म्हणजे तोराच्या हस्तलिखित चर्मपत्राच्या गुंडाळीत, फक्त व्यंजनं असतात. स्वरचिन्हं नाहीत, चालीच्या खुणा नाहीत, विरामचिन्हंही नाहीत. काना, मात्रा, वेलांटी काढून टाकलेलं मराठी वाचायला दिलं तर आपलं काय होईल, तेच मुलाचं होतं. म्हणून ‘तिक्कून’ नावाचं पुस्तक वापरतात. त्यात शेजारी-शेजारी दोन रकाने असतात: एकात स्वर आणि खुणांसकट मजकूर, दुसऱ्यात गुंडाळीत दिसतो तसा कोरा. मुलाने आधी पहिल्या रकान्यात वाचावं, मग तो झाकून दुसऱ्यात.

हिब्रू देवनागरीत लिहून घ्यायची आपली जुनी सवय आहे. वाचनाआधीच्या आणि नंतरच्या आशीर्वचनांसाठी ती वही चालेल. पाराशासाठी मात्र नको. मूल वहीतल्या ओळी पाठ करतं आणि गुंडाळीसमोर उभं राहिलं की कुठे बोट ठेवायचं हेच त्याला कळत नाही.

आठवड्याला दोन-तीन पसुकांच्या (ओव्यांच्या) वर जाऊ नका. रोज पंधरा मिनिटं, शक्यतो एकाच वेळी. चाल हझानसाहेबांच्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करून घ्या. इंटरनेटवर सापडणाऱ्या बऱ्याच चाली अश्केनाझी, म्हणजे युरोपीय यहुद्यांच्या, असतात. एकदा तोंडात बसली की ती काढताना मुलाला आणि शिकवणाऱ्याला दुप्पट त्रास.

शेवटचा महिना सिनेगॉगमध्येच सराव करा. आपल्याकडे अनेक ठिकाणी सेफेर उभ्या पेटीत असतो आणि उभाच वाचतात. टेबलावरच्या पुस्तकाची सवय झालेल्या मुलाची मान तिथे अवघडते, वरच्या ओळी डोळ्यांच्या वर जातात. उंची कमी पडत असेल तर पायाखाली घट्ट बसणारा पाट ठेवा. चर्मपत्राला बोट लावत नाहीत. ‘याद’ ही चांदीची किंवा लाकडी कांडी धरून ओळ दाखवायची, तिचाही सराव लागतो.

तेफिलीन

यांच्या आतला मजकूर सोफेरने (धर्मग्रंथ लिहिणाऱ्या लेखनिकाने) हाताने लिहिलेलाच हवा आणि बहुधा ते इस्राएलहून मागवावे लागतात, म्हणून चार-पाच महिने आधी सांगून ठेवा. आले की डोक्याच्या पट्ट्याची गाठ मुलाच्या मापाने करून घ्या. हाताचा तेफिलीन आधी: उजवखुऱ्या मुलाच्या डाव्या दंडावर, हृदयाकडे कललेला, मग कोपराखाली पट्ट्याचे सात वेढे. त्यानंतर डोक्याचा. तो केस उगवतात तिथे बसतो. मुलं तो कपाळावर ओढतात, तेवढं बघा. मधे बोलायचं नाही. काढताना डोक्याचा आधी. बारीक हातावर वेढे घसरतात, पण रोज बांधले की महिन्याभरात हात बसतो.

भाषण

मुलाला त्याचा पाराशा मराठीत वाचून दाखवा आणि विचारा, यात तुला काय पटलं नाही? पाराशा नोहाचा असेल तर पुरानंतर नोहाने कबुतराआधी कावळा का सोडला, हा प्रश्न आपल्याकडची मुलं हमखास विचारतात, आणि तीन-चार मिनिटांच्या भाषणाला तेवढा प्रश्न पुरतो. मेत्सोरासारखा त्वचारोगांचा अवघड पाराशा आला तर त्याच्या हफ्तारातली शहराच्या वेशीवरच्या चार कुष्ठरोग्यांची गोष्ट घ्या. भाषण तुम्ही लिहून देऊ नका. इस्राएलमधल्या दिमोना-लोदहून आलेल्या चुलत भावंडांसाठी शेवटी दोन वाक्यं हिब्रूत असावीत. बाकीचं मराठीतच, आजीला कळेल असं.

मुलगी असेल तर बात मित्स्वा १२व्या वर्षी. ऑर्थोडॉक्स सिनेगॉगमध्ये मुली सहसा तोरा वाचत नाहीत, पण अभ्यास आणि भाषण तितक्याच मनाने करून घ्या.

समारंभ आणि दुसरा दिवस

मलिदा, म्हणजे आपला समारंभाचा गोड प्रसाद, घरीच करा. पोहे, खोवलेलं खोबरं, साखर, वेलची, फळं आणि सोबत ‘एलियाहू हन्नाबी’ हे गीत. मुलाला त्या दिवशी सकाळी काही नवं शिकवू नका. चुकला तर हझानसाहेब शब्द दुरुस्त करतात आणि तो पुढे वाचतो, हे त्याला आधी सांगून ठेवा.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी वीस मिनिटांचा गजर लावा, तेफिलीनसाठी. आणि सिनेगॉगच्या मिन्यानच्या यादीत त्याचं नाव घालायला सांगा, बोलावणं आलं की शाळा सांभाळून त्याला पाठवा.