‘एलियन: आयसोलेशन’ कसा खेळावा: पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

निफाड-सिन्नरच्या उसात किंवा दारणाकाठच्या मळ्यांत रात्रीचे पाणी भरायला जाणारा शेतकरी मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून निघतो, कारण माणसाची चाहूल आधीच लागली तर बिबट्या सहसा वाटेतून बाजूला होतो. नाशिककरांच्या अंगवळणी पडलेली ही रीत ‘एलियन: आयसोलेशन’ या गेममध्ये मात्र थेट जिवावर बेतते. येथे तुमच्या मागावर असलेला परग्रहावरचा प्राणी आवाजाला बिचकत नाही, आवाजाच्या रोखाने येतो. म्हणून हा गेम बंदुकीने नव्हे तर कानांनी खेळायचा आहे, आणि पुढे सांगितलेली प्रत्येक युक्ती याच एका गोष्टीवर उभी आहे.

‘टोटल वॉर’ या युद्धनीतीच्या गेममालिकेसाठी ओळखल्या जाणाऱ्या क्रिएटिव्ह असेम्ब्ली या ब्रिटिश स्टुडिओने तो बनवला आणि सेगाने ऑक्टोबर २०१४ मध्ये प्रकाशित केला. कथा १९७९ च्या ‘एलियन’ या चित्रपटाला जोडलेली आहे. त्यातील घटनांना पंधरा वर्षे उलटली आहेत, साल २१३७ आहे, आणि बेपत्ता झालेल्या एलेन रिप्लीची, म्हणजे त्या चित्रपटाच्या नायिकेची, मुलगी अमांडा आईच्या यानाचा फ्लाइट रेकॉर्डर सापडल्याचे कळल्यामुळे सेव्हास्टोपोल नावाच्या अंतराळस्थानकावर येते. स्थानक मोडकळीस आलेले आहे, उरलेली माणसे एकमेकांवर उठलेली आहेत आणि छतावरच्या हवेच्या डक्टमधून काहीतरी सरपटते आहे. यापेक्षा अधिक कथा सांगून मजा घालवण्यात अर्थ नाही.

सुरुवात संगणकापासून करावी. गेम जुना असल्यामुळे महागड्या यंत्राची गरज नाही. किमान ४ जीबी रॅम, डिस्कवर ३५ जीबी मोकळी जागा आणि साधे का होईना पण स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असले की काम भागते. ८ जीबी रॅम असल्यास उत्तम. खरा खर्च करायचाच असेल तर तो हेडफोनवर करावा. छोट्या स्पीकरवर, त्यातही मे महिन्यात पंखा आणि कूलर दोन्ही चालू असताना, प्राणी डावीकडून येतो आहे की डोक्यावरून, हे कळणे जवळपास अशक्य असते. कान पूर्ण झाकणारा हेडफोन लावला की डक्टमधली खरखर, जमिनीवर उतरतानाचा धप्प आवाज आणि कॉरिडॉरमधली जड पावले वेगवेगळी ओळखू येतात, आणि तेवढ्यावर निम्मा गेम सोपा होतो. संवादांची अक्षरे पडद्यावर दिसण्याची सोय चालू ठेवावी. हा गेम प्रौढांसाठी आहे, तेव्हा घरातल्या लहान मुलांना शेजारी बसवू नये.

काठिण्याच्या पाच पातळ्या आहेत. जाणकार थेट ‘हार्ड’ निवडायला सांगतात, पण माझ्या मते पहिल्या खेपेला ‘नॉर्मल’ बरे. प्राण्याच्या सवयी शिकायला चुका कराव्या लागतात, आणि वरच्या पातळीवर चूक करून शिकण्याइतका वेळच मिळत नाही. ‘नाइटमेअर’ या शेवटच्या पातळीवर तर नकाशा मिळत नाही आणि हालचाल दाखवणारे हातातले यंत्रही (मोशन ट्रॅकर) बिघडलेले असते. ती दुसऱ्या-तिसऱ्या खेपेसाठी राखून ठेवावी.

आता त्या प्राण्याविषयी, कारण तो कसा चालतो हे समजल्याशिवाय बाकीच्या सूचना पाठ करून उपयोग नाही. पडद्यामागे दोन वेगवेगळ्या यंत्रणा काम करतात. वरच्या यंत्रणेला खेळाडू नेमका कुठे आहे हे कायम ठाऊक असते, परंतु ती प्राण्याला नेमकी जागा कधीच सांगत नाही. फक्त ‘त्या बाजूला बघ’ इतकाच इशारा देते. त्यानंतर प्राण्याला स्वतःच्या डोळ्यांनी आणि कानांनी तुम्हाला शोधावे लागते. तो बराच वेळ तुमच्या आसपास घुटमळला आणि ताण ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की वरची यंत्रणा त्याला परत डक्टमध्ये पाठवते आणि तुम्हाला श्वास घ्यायला थोडी उसंत मिळते. शिवाय गेम पुढे सरकतो तशा त्याच्या वागण्याच्या नव्या तऱ्हा खुल्या होत जातात. कालची युक्ती आज चालेलच असे नाही.

यातून व्यवहारात दोन गोष्टी निघतात. पहिली अशी, की प्राण्याने पकडले म्हणजे गेमने फसवले असे नसते. तुम्ही धावलात, टॉर्च चालू ठेवली, काहीतरी पाडले किंवा त्याच्या नजरेच्या टप्प्यात उभे राहिलात, यांपैकी काहीतरी घडलेले असते. दुसरी गोष्ट नवख्यांच्या लवकर गळी उतरत नाही: लॉकरमध्ये लपून दहा मिनिटे बसल्याने काहीही साधत नाही. ती तेवढ्यापुरती सोय आहे. प्राणी वळला, दुसऱ्या खोलीत गेला की बाहेर पडून पुढचा आडोसा गाठायचा, असे टप्प्याटप्प्याने सरकत राहणे हाच पुढे जाण्याचा मार्ग आहे. लॉकरच्या झडपेशी तो नाक आणून उभा राहिला, तर मागे रेलून श्वास रोखण्याची सूचना पडद्यावर येते. ती पाळावी, पण श्वास फार वेळ रोखला तर प्रकृती खालावते हेही लक्षात असावे.

चालण्याच्या पद्धतीलाही म्हणूनच महत्त्व आहे. वाकून चालणे सर्वांत शांत, उभ्याने चालणे मधले आणि धावणे म्हणजे आपला पत्ता कळवणे. मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाकूनच चालणारेही चुकतात. त्यांना एक खोली ओलांडायला इतका वेळ लागतो की प्राणी तेवढ्यात दोनदा फेरी मारून जातो. तो डक्टमध्ये लांब आहे हे कानांना कळले की सरळ उभे राहून चालावे. छतावरच्या झरोक्यातून लाळ ठिबकताना दिसली, तर मात्र त्या झरोक्याखालून जाऊ नये, कारण तो वरती दबा धरून बसलेला असतो.

मोशन ट्रॅकर हे हातातले यंत्र समोरच्या बाजूची हालचाल ठिपक्याच्या रूपात दाखवते आणि कडेच्या खुणेने पुढच्या कामाची दिशाही सांगते. त्याच्या मर्यादा तीन: वस्तू हलली नाही तर ठिपका उमटत नाही, ठिपका वरच्या डक्टमध्ये आहे की तुमच्याच मजल्यावर हे कळत नाही, आणि त्याचा टिकटिक आवाज जवळ आलेल्या प्राण्यालाही ऐकू जातो. तेव्हा ट्रॅकर सतत डोळ्यांसमोर धरून चालण्याऐवजी दारापाशी थांबून क्षणभर बघावा आणि खाली करावा. लपलेले असताना तो काढूच नये.

या सगळ्याची पहिली खरी परीक्षा पाचव्या मोहिमेत, स्थानकावरील सॅन क्रिस्टोबल या रुग्णालयात होते, आणि गेम अर्धवट सोडणारे बहुतेक इथेच सोडतात. माझा इंजिनिअरिंगला असलेला भाचा दिवाळीच्या सुट्टीत इंदिरानगरच्या आमच्या घरी आला असता याच मोहिमेत एका रात्रीत अकरा वेळा मेला. मी मागे खुर्चीवर बसून पाहत होतो. प्रत्येक वेळी तो ट्रॅकरवर ठिपका दिसताच दचकून पळायचा, आणि प्रत्येक वेळी पळण्याच्या आवाजाने प्राणी वळून यायचा. “मामा, ह्याला मी कुठे आहे ते आधीच माहीत असतं,” असे तो वैतागून म्हणाला. बाराव्या वेळी मी त्याला फक्त इतकेच सांगितले, की ठिपका दिसला की पळायचे नाही, जवळच्या टेबलाखाली वाकून बसायचे आणि पावले ऐकायची. प्राणी आला, टेबलाच्या पलीकडून त्याचे लांब पाय आणि मागोमाग ओढत जाणारी शेपटी दिसली, दाराशी क्षणभर थांबला आणि पुढच्या वॉर्डात निघून गेला. भाच्याने माउस सोडून तळहाताचा घाम पँटला पुसला आणि उलट्या दिशेने, टेबलाला वळसा घालून, वाकूनच दार गाठले. प्राणी ज्या बाजूने गेला त्याच्या विरुद्ध बाजूने आडोशाला वळसा घालण्याची ही हालचाल एकदा हाताला बसली, की पुढच्या सगळ्या मोहिमांत उपयोगी पडते.

प्रगती जतन करण्यासाठी भिंतीवर आपत्कालीन फोनसारखी यंत्रे बसवलेली आहेत. त्यांत कार्ड घातल्यावर एकामागून एक तीन दिवे लागतात आणि मगच काम पूर्ण होते. तेवढ्या सेकंदांत गेम थांबत नाही, आणि पाठीमागून प्राणी येऊन सगळे मुसळ केरात जाऊ शकते. शत्रू जवळ असल्यास यंत्र तशी सूचना देते, तेव्हा घाई न करता जवळपासच दडून वाट पाहावी. दुसरा दिवा लागलेला असताना एकदा आमच्या कॉलनीतली वीज गेली आणि तासाभराची मेहनत पाण्यात गेली. पहिल्या वळिवाच्या दिवसांत खेळणार असाल तर संगणकाला यूपीएस जोडावा. घरचा इन्व्हर्टर चालू व्हायला लागणारा क्षणभराचा वेळही काही वेळा संगणक बंद पडायला पुरेसा असतो. फोन दिसला की वापरावा, मागे आलेला फोन जवळ असेल तर परत जाऊनही वापरावा. यात कमीपणा काही नाही.

वाटेत भंगार, रसायने, तारा असे सुटे सामान सापडते आणि त्यातून औषधाचे किट, धूर करणारे बॉम्ब, विद्युतस्पंद सोडणारे स्फोटक अशा वस्तू बनवता येतात. प्रत्येक वस्तू ठरावीक संख्येपर्यंतच बाळगता येत असल्यामुळे खिसे भरलेले असताना नवे सामान टाकून द्यावे लागते. म्हणून साठवत न बसता बनवत राहावे. मात्र बनवतानाही वेळ थांबत नाही, तेव्हा आडोसा पाहून बसावे. दारे उघडण्यासाठीच्या हॅकिंगलाही हाच नियम लागू आहे.

सर्वांत उपयुक्त वस्तू म्हणजे आवाज करणारे खेळणे, नॉइजमेकर. हत्यारबंद माणसांची टोळी वाट अडवून उभी असेल तर तिच्याशी लढू नये. खेळणे त्यांच्यात फेकावे आणि स्वतः लॉकर गाठावे. आवाजाच्या रोखाने प्राणी उतरतो आणि पुढचे काम तोच करतो. हे थोडे क्रूर आहे, पण त्यांनीही तुमच्यावर गोळी झाडताना विचार केलेला नसतो. स्वतःचे पिस्तूल मात्र शक्यतो झाडू नये, कारण त्याने प्राण्याला इजा होत नाही, फक्त तुम्ही कुठे आहात ते कळते.

स्थानकावरचे यांत्रिक नोकर, ज्यांना वर्किंग जो म्हणतात, हा वेगळा प्रकार आहे. ते सावकाश चालतात, सभ्यपणे बोलतात आणि गळा आवळतात. प्राणी त्यांना हात लावत नाही, त्यामुळे नॉइजमेकरची युक्ती येथे फुकट जाते. नुसत्या पान्याने त्यांच्याशी भिडू नये; आधी विद्युतस्पंदाने सुन्न करावे आणि मगच डोक्यावर घाव घालावेत, किंवा मुळात त्यांच्यापेक्षा वेगाने चालून निघून जावे.

पुढे कधीतरी आगीचा झोत सोडणारे हत्यार (फ्लेमथ्रोअर) हाती येते आणि प्राण्याला प्रथमच मागे हटवता येते. येथे बहुतेक जण चेकाळून टाकी रिकामी करतात. प्राणी आगीने मरत नाही, फक्त तात्पुरता डक्टमध्ये पळतो, आणि वारंवार आग दिसली की हळूहळू तिला सरावतो. तो धावून येत असताना अगदी जवळ आल्यावर एक आखूड झोत द्यावा, तो वळताच बोट काढावे आणि लगेच जागा बदलावी. कारण परत येतो तेव्हा तो आधी तीच जागा तपासतो, जिथे त्याने तुम्हाला शेवटचे पाहिलेले असते.