पोराला गिटार शिकवायचीय? आधी गिटार बघा, मग पोराला बोला

लहान मुलं गिटार सोडतात ना, त्यात बऱ्याचदा दोष गिटारचाच असतो. माझंच बघा, पहिली गिटार घरात पडून असलेली, मोठ्या माणसाची, स्टीलच्या तारा आणि त्या इतक्या वर की एफ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवायचे सूर, त्यात एफ अवघड) दाबताना डोळ्यात पाणी यायचं, मला वाटायचं आपले हातच कमजोर आहेत!

तर आधी साइझ. ५-६ वर्षांच्या मुलाला १/४ किंवा १/२ (ही लहान गिटारांच्या साइझची नावं), साधारण ८ ते ११ ला ३/४, पण वयापेक्षा हात बघा, पहिल्या फ्रेटपर्यंत (फ्रेट म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) कोपर न ताणता पोचला पाहिजे. तारा नायलॉनच्याच घ्या, बोटं कमी दुखतात. आणि नायलॉनच्या गिटारला स्टीलच्या तारा चुकूनही लावू नका, ताण जास्त असतो, ब्रिज, म्हणजे तारा जिथे बांधतात ती खालची लाकडी पट्टी, उखडतो.

मग अॅक्शन, म्हणजे तारेची उंची. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा, केसाएवढी फट हवी, जास्त असेल तर नट (दांड्याच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) घासून घ्यावा लागतो, हे काम जाणकाराकडूनच करून घ्या कारण जास्त घासलं की तार खरखरते.

हात फारच छोटे असतील तर सरळ युकुलेले द्या, गिटारसारखंच छोटं वाद्य, चारच तारा, आणि कॉर्डचे आकार गिटारच्या खालच्या, म्हणजे बारीक आवाजाच्या, चार तारांसारखेच, त्यामुळे शिकलेलं वाया जात नाही. मला नंतर एक जुनी नायलॉनची गिटार मिळाली, आवाज बसका पण हाताला मऊ, खरं वाजवायला मी तिच्यावरच शिकलो.

रोज १० मिनिटं पुरे. पहिले ई मायनर कॉर्ड, दोनच बोटं लागतात. एफ नंतर बघू.