वॅट किती, त्याआधी किती ओहमवर ते विचारा

माझा पहिला चांगला हेडफोन सेनहायझर एचडी ६५०. ३०० ओहमचा, म्हणजे विजेच्या प्रवाहाला त्याचा विरोध (इंपीडन्स) तेवढा. 'एवढे ओहम म्हणजे मोठा अ‍ॅम्प हवाच' असं ऐकून मी खोक्यावर १ वॅट छापलेला अ‍ॅम्प (हेडफोनला पॉवर पुरवणारा अ‍ॅम्प्लिफायर) आणला. तो वॅट ३२ ओहमवर मोजलेला होता. म्हणजे साधारण ५.७ व्होल्ट, आणि तेवढ्याच व्होल्टला ३०० ओहमवर उरतात जेमतेम १०७ मिलिवॅट. तरी हेडफोन छान वाजायचा, त्यामुळे मी खोलात गेलो नाही.

पुढे हायफायमॅनचा एचई-६ हाती आला. ५० ओहमचा प्लॅनर, म्हणजे सपाट पातळ पडद्यानं आवाज काढणारा हेडफोन. ओहम कमी, म्हणजे चालवायला सोपा, असं धरून मी तो फोनला लावायच्या छोट्या अ‍ॅडॉप्टरला, १ व्होल्टच्या डाँगलला, जोडला. आवाज पूर्ण वाढवला तरी तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा येईना. थाप पडायची, पण बोथट; तिच्या मागची ती गोल, लांबत जाणारी आस गायब. मला वाटलं, हेडफोनच बिघडलाय. जुन्या अ‍ॅम्पला लावला आणि पहिल्याच थापेला आस परत आली.

तेव्हा कुठे सेन्सिटिव्हिटीचा, म्हणजे ठरावीक विजेवर हेडफोन किती मोठा वाजतो त्याचा, आकडा नीट पाहिला. एचई-६ ची १ मिलिवॅटला ८३.५ डेसिबल, एचडी ६५० ची १ व्होल्टला १०३. एकाचं मोजमाप मिलिवॅटवर, दुसऱ्याचं व्होल्टवर! नवख्या माणसाची गफलत नेमकी इथेच होते. म्हणून दोन्हींना एकच प्रश्न घाला: क्षणभराच्या ११० डेसिबलच्या उसळीला काय लागेल? (सतत इतक्या आवाजात ऐकायचं नाही, कान जातील.) दर १० डेसिबलला पॉवर दहापट लागते. एचडी ६५० ला लागतात २.२ व्होल्ट आणि फक्त १७ मिलिवॅट. एचई-६ ला ४.७ व्होल्ट, ९५ मिलिअँपिअर, म्हणजे जवळपास ४५० मिलिवॅट. कमी ओहमच्या हेडफोनला २६ पट जास्त पॉवर! माझ्या डाँगलवर एचई-६ फार तर ९६.५ डेसिबलपर्यंत पोचत होता.

अ‍ॅम्पचा आउटपुट इंपीडन्स, म्हणजे अ‍ॅम्पचा स्वतःचा विरोध, तोही बघा. एचडी ६५० चा इंपीडन्स खर्जाकडे बराच चढतो, त्यामुळे जास्त आउटपुट इंपीडन्सच्या अ‍ॅम्पवर त्याचा बेस फुगतो. अ‍ॅम्पचा हा आकडा हेडफोनच्या ओहमचा आठवा भाग किंवा त्याहून कमी असेल तर निर्धास्त राहा. प्लॅनरचा इंपीडन्स जवळपास सपाट असतो, तिथे आवाजाचा बाज बदलत नाही.

पॉवर गरजेच्या दुप्पट असली तर उत्तमच, पण दुप्पट म्हणजे जेमतेम ३ डेसिबल. त्यापायी दहापट पैसे मोजू नका.

आणि एक सवय आजच लावून घ्या. एचई-६ ऐकताना आवाजाचा नॉब बराच वर असतो. हेडफोन काढून अ‍ॅम्पच्या त्याच जॅकला इअरफोन लावायचा असेल, तर आधी नॉब शून्यावर आणा, गेन (अ‍ॅम्प आवाज किती पट वाढवतो ते) लो करा, मगच इअरफोन लावा.