थर्मल कॅमेरा किती लांबचं दाखवेल, ते आधीच काढा

ब्रोशरमधला आकडा सोडा, तो चांगल्या हवेतला असतो. आधी सेन्सरवरच्या एका पिक्सेलच्या मापाला लेन्सच्या फोकल लांबीने भागा: १२ मायक्रॉनचा पिक्सेल, ५० मिमीची लेन्स, म्हणजे किमीभरावर एक पिक्सेल २४ सेंमीचा. मग जॉन्सन या संशोधकाचा १९५८ चा नियम, काहीतरी आहे एवढं कळायला वस्तूच्या लहान बाजूवर साधारण २ पिक्सेल, कसली गाडी ते कळायला ८, तेही निम्म्याच वेळा बरं का! गाडीची लहान बाजू २.३ मीटर धरली तर ती कसली ते जेमतेम १.२ किमीपर्यंत कळेल.

हे झालं कागदावर. कासला जुलैत दाट धुकं उतरलं की थर्मलपण आंधळाच, म्हणून दर किमीला सिग्नलचा किती हिस्सा उरतो ते गुणत जायचं, नुसतं वजा करून भागत नाही. आणि सकाळ-संध्याकाळी गाडी न् कातळ एकाच तापमानाला आले की सगळं सपाट दिसतं, टेस्ट मुद्दाम तेव्हाच घ्या.