घर विकताय? होम वॉरंटीचे सहाशे डॉलर वाचवू नका

टेक्ससमध्ये डॅलसच्या उत्तरेला, प्लेनो-फ्रिस्को-मकिनी या पट्ट्यात आम्हाला पंचवीस वर्षं झाली. इथे नवीन येणारी मुलं (पस्तिशीच्या आतले सगळे माझ्यासाठी मुलंच) घर घेताना शंभर प्रश्न विचारतात. शाळा कुठली, एचओए (सोसायटीची वर्गणी) किती, दार पूर्वेला आहे ना. तीच मुलं पाच वर्षांनी नोकरी बदलून सिॲटलला निघाली की घर विकताना मात्र कुणाला काही विचारत नाहीत. शेजाऱ्याच्या घरापेक्षा दहा हजार जास्त मागतात, आणि एजंटने "होम वॉरंटी देणार का?" (म्हणजे नव्या मालकासाठी घरातल्या यंत्रांच्या दुरुस्तीचा वर्षभराचा करार) असं विचारलं की म्हणतात, "घर त्यांचं झाल्यावर मी का पैसे घालू?"

मीही २०११ मध्ये हेच म्हणाले होते.

अर्व्हिंगचं आमचं पहिलं घर एका मराठी जोडप्याने घेतलं. आपल्यातलीच माणसं म्हणून बरं वाटलं होतं. मी तर निघताना ओट्यावर पेढ्यांचा डबा ठेवून आले. तिसऱ्या आठवड्यात फोन आला, "ताई, डिशवॉशरखाली पाणी येतंय, तुमच्या वेळी यायचं का हो?" मग गार्बेज डिस्पोजल (सिंकखालचं खरकटं दळणारं यंत्र) अडकलं, तेव्हा फोन. मग वॉटर हीटर गेला. कायद्याने माझं काही देणं नव्हतं. पण मंडळाच्या दसऱ्याला जेवणाच्या रांगेत ताट घेऊन तीच बाई मागे उभी असताना कायद्याचं काय करायचं? शेवटी नवऱ्याने वॉटर हीटरचे निम्मे पैसे दिले. तरी "माहीत असून विकलं" हे वाक्य दोन वर्षं इकडून-तिकडून कानावर येत राहिलं. वर्षभराची वॉरंटी दिली असती तर तिने मला नाही, कंपनीला फोन केला असता.

आता वॉरंटी म्हणजे काय ते. आपल्याकडे फ्रिजसोबत येणारं कार्ड म्हणजे वॉरंटी, त्यामुळे इथेही सगळे तसंच काहीतरी समजतात. होम वॉरंटी हा दुरुस्तीचा करार आहे. टेक्ससच्या कायद्यात त्याचं नावच रेसिडेन्शियल सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट. साधारण एक वर्षाचा. एसी, हीटिंग, प्लंबिंग, वायरिंग, वॉटर हीटर, ओव्हन, डिशवॉशर वापरून-झिजून बंद पडलं की कंपनी माणूस पाठवते. प्रत्येक फेरीला घरमालकाने ७५ ते १२५ डॉलर द्यायचे, उरलेला खर्च करारातल्या मर्यादेपर्यंत कंपनीचा. वर्षाचे साधारण ४०० ते ७०० डॉलर. पूल असेल तर आणखी. फ्रिज आणि वॉशर-ड्रायर बऱ्याचदा वेगळे पैसे भरून जोडावे लागतात.

हा विमा नव्हे. गारांनी छप्पर फुटलं, किंवा फेब्रुवारी २०२१ च्या त्या थंडीत फुटले तसे पाइप फुटले, तर ते होमओनर्स इन्शुरन्सचं काम. आणि इथल्या चिकणमातीमुळे फाउंडेशन हललं तर साधी होम वॉरंटी तिकडे ढुंकूनही बघत नाही. हे खरेदीदाराला आधीच सांगा, म्हणजे पुढे तुमच्या नावाने खडे फोडायला नको.

विकणाऱ्याला खरा फायदा होतो तो घासाघिशीच्या दिवसांत. टेक्ससमध्ये खरेदीदार थोडे पैसे भरून ऑप्शन पिरियड घेतो. त्या दिवसांत कारण न देताही तो करार मोडू शकतो. तेव्हाच घर तपासणारा इन्स्पेक्टर येतो आणि चाळीस पानी रिपोर्ट देतो. त्यात एक वाक्य हमखास असतं: वॉटर हीटर चालू आहे पण जुना आहे. एसीचंही तेच. खरेदीदार तरुण, साठवलेलं सगळं डाउन पेमेंटमध्ये ओतलेलं. जुलैत ३८-४० डिग्रीला एसी गेला तर हातात काय, या धास्तीने तो दोन-तीन हजार कमी करा म्हणतो. चालू असलेल्या वस्तूचे पैसे तुम्ही का सोडायचे? तिथे वॉरंटी पुढे करायची. त्याची धास्ती खरी आहे, आणि त्या धास्तीवरचं औषध तुम्हाला सहाशेत मिळतंय. दरवेळी चालतंच असं नाही. पण आमच्या ओळखीत किमान चार सौदे मी यावर सावरलेले पाहिलेत.

टेक्सस रिअल इस्टेट कमिशनच्या छापील करारात यासाठी वेगळं कलमच आहे. खरेदीदाराने असा कॉन्ट्रॅक्ट घेतला तर विकणारा जास्तीत जास्त किती रक्कम देईल, तो आकडा तिथे भरायचा. आकडा न विसरता भरा, तोंडी "बघू" नको. तो कॉन्ट्रॅक्ट घेणं ऐच्छिक आहे आणि तो वेगवेगळ्या कंपन्यांकडून मिळतो, हेही त्याच कलमात छापलंय. म्हणजे एजंट एकाच कंपनीचं नाव घेत असेल तर आणखी दोघांचे करार मागवून वाचा. जाहिरात नव्हे, करार. त्यात "काय धरलेलं नाही" हा भाग आधी वाचायचा.

दुसरा फायदा फार थोड्यांना माहीत असतो. घर बाजारात लावल्यापासून क्लोजिंगपर्यंत (सह्या होऊन घर खरेदीदाराचं होतं त्या दिवसापर्यंत) विकणाऱ्यालाही हे कव्हर मिळतं. बऱ्याच कंपन्या खरेदीदाराची वॉरंटी घेणार असाल तर ते फुकट किंवा थोडक्यात देतात, आणि पैसे क्लोजिंगच्या वेळी कापून घेतात. एसी-हीटिंग मात्र त्यात असेलच असं नाही. ते विचारून, वेगळे पैसे भरून जोडून घ्या. पुढच्या शहरात नोकरी सुरू झालीय आणि इथलं घर रिकामं उभं आहे, अशांना तर हे हवंच. चावी एजंटकडे असते, माणूस परस्पर येऊन काम करून जातो.

आता माझी महागडी चूक. शहाणी होऊन २०१९ मध्ये प्लेनोचं घर विकताना मी हे सगळं घेतलं, एसी जोडून. क्लोजिंगला नऊ दिवस असताना एसी बंद. मी निवांत, कंपनीला फोन केला. त्यांच्या माणसाने कॉइलचे फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: देखभाल नीट नाही, क्लेम नामंजूर. दरवर्षी सर्व्हिसिंग केल्याच्या पावत्या दाखवा म्हणाले.

सर्व्हिसिंग दर एप्रिलला होत होतं! पण करत कोण होता? ग्रुपवर कुणीतरी सुचवलेला, साठ डॉलर रोख घेणारा, पावती न देणारा "आपला माणूस". दुकानवाला दीडशे घेतो म्हणून आम्ही सगळे त्यालाच बोलवायचो आणि वर्षाला नव्वद डॉलर वाचवल्याचा आनंद मानायचो. त्यात आमचं मशीन जुनं, आर-२२ गॅसवर चालणारं. त्या गॅसचं नवीन उत्पादन आणि आयात १ जानेवारी २०२० पासून अमेरिकेत बंद होणार होती, त्यामुळे भाव आधीच चढलेले. दुरुस्तीत अर्थ नव्हता. करारात एसी चालू स्थितीत द्यायचं कबूल केलेलं. नऊ दिवसांत नवीन युनिट बसवलं, ७,२०० डॉलर.

म्हणून सांगते, पावत्या ठेवा. एसीच्या सर्व्हिसिंगची पावती, वॉटर हीटर बदलल्याची पावती, प्लंबरची पावती. फोटो काढून एका फोल्डरमध्ये टाका. घर विकायचा विचार मनात नसला तरी घेतल्या दिवसापासून पावत्या ठेवा. रोखीवाल्याला बोलवायचं तर बोलवा, पण तारीख, पत्ता, काय काम केलं आणि त्याची सही कागदावर घ्या. सही देत नसेल तर तो माणूस स्वस्त नाही.

याच्या जोडीला दुसरा मुद्दा. वॉरंटी देतोय म्हणून घराचे दोष झाकता येत नाहीत. टेक्ससमध्ये विकणाऱ्याने दोष लिहून देण्याचा, सेलर्स डिस्क्लोजरचा, कायदा आहे. वरच्या मजल्यावरचा शॉवर गळतो हे ठाऊक असेल तर लिहा. आधीपासून बिघडलेल्या गोष्टी वॉरंटी कंपनी सहसा धरत नाही. मग तो खरेदीदार क्लेम नाकारल्याचं पत्र घेऊन तुमच्याकडेच येणार, आणि यावेळी नुसता मंडळात तोंड फिरवून थांबणार नाही. आपल्या लोकांना वाटतं, "विकलं म्हणजे सुटलो". लपवलं असेल तर सुटत नाही.

कुणी घेऊ नये? घर वर्षाच्या आतलं असेल तर बिल्डरची वॉरंटी चालू असते. साधारणपणे कामाला १ वर्ष, वायरिंग-प्लंबिंग-एसीला २, ढाच्याला १० असा तिचा हिशेब. ती नव्या मालकाकडे जाते का हे कागदात बघा. तुमची स्वतःची होम वॉरंटी आधीच चालू असेल तर ती खरेदीदाराच्या नावावर करता येते का विचारा, बहुतेक वेळा येते. आणि एकाच घरावर पाच ऑफर आल्या असतील तर कुणी मागणारही नाही, तेव्हा उगाच उदार होऊ नका.

भारतात कायमचं परत जाणाऱ्यांनी क्लोजिंगच्या आधी सीपीएला (इथल्या सीएला) भेटावं. करासाठी तुम्ही परदेशी विक्रेते ठरलात तर किमतीच्या १५ टक्क्यांपर्यंत रक्कम आयआरएसकडे (अमेरिकेच्या आयकर खात्याकडे) अडकू शकते. हा वेगळा विषय आहे.

क्लोजिंगच्या दिवशी सह्या करताना वॉरंटीची रक्कम हिशेबाच्या कागदावर आहे ना, हे बोट ठेवून बघा. कॉन्ट्रॅक्ट नंबर आणि कंपनीचा फोन नंबर खरेदीदाराला स्वतः ईमेल करा, एजंट करेल म्हणून सोडू नका. मी तर हल्ली मुलांना सांगते, तोच कागद छापून फ्रिजवर चुंबकाने लावून या. पेढ्यांचा डबा शेजारी ठेवला तरी चालेल.