शांघायला घर भाड्याने घेण्याआधी सुन वूचा हिशेब

शांघायला नोकरीसाठी येणाऱ्या आपल्या मंडळींपैकी पुष्कळांच्या सामानात सुन वू (सन त्झू) या प्राचीन चिनी सेनापतीच्या युद्धशास्त्राचा अनुवाद असतो आणि इथल्या माणसांवर डाव कसा टाकावा हे त्यातून कळेल, अशी त्यांची समजूत असते. मीही त्याच समजुतीने आलो होतो. ज्या वू राज्याच्या सेवेत हा सेनापती होता असे परंपरा सांगते, त्याची राजधानी म्हणजे आजचे सुझौ, येथून वेगवान रेल्वेने अर्ध्या तासावर आहे. परंतु इतक्या जवळ बारा वर्षे राहून मला तो १३ प्रकरणांचा लहानसा ग्रंथ कपटाचा कमी आणि हिशेबाचा अधिक वाटू लागला आहे. जिंकणारे सैन्य आधी विजय पक्का करते आणि मगच रणांगणात उतरते, असे त्याच्या चौथ्या प्रकरणात म्हटले आहे.

घर भाड्याने घेताना हे वाक्य ध्यानात ठेवावे. हॉटेलात उतरलात तर पोलिसांकडील तुमच्या मुक्कामाची नोंद हॉटेलच करते, मात्र भाड्याच्या घरात गेल्यापासून २४ तासांच्या आत ती तुम्हाला स्वतः करावी लागते. कामाच्या व्हिसावर आलेल्यांना ३० दिवसांत निवास परवान्यासाठी अर्ज करायचा असतो आणि त्या अर्जाला ही नोंद लागते. नोंदीसाठी भाडेकरार व घरमालकाकडील कागद लागू शकतात, म्हणून ते देण्यास मालक तयार आहे की नाही, हे सही करण्यापूर्वीच विचारून घ्यावे. एक महिन्याची अनामत आणि तीन महिन्यांचे आगाऊ भाडे ही येथील रूढ पद्धत आहे. एकदा ते पैसे हातातून गेले की तुमच्याकडे जोर उरत नाही. मी पैसे आधी मोजले आणि कागद मागाहून मागितले, तेव्हा मालक टाळाटाळ करू लागला.

पहिल्या प्रकरणात विचारात घ्यायच्या पाच गोष्टींमध्ये थंडी आणि उष्णता यांचाही समावेश आहे. शांघायच्या बहुतेक घरांना उत्तर चीनप्रमाणे सार्वजनिक तापनव्यवस्था नाही आणि हिवाळ्यातला गारठा दमट असतो, त्यामुळे ऑक्टोबरात घर पाहत असाल तरी एसी गरम हवा देतो का, हे चालवून पाहावे.

स्थानिक वाटाड्यांशिवाय भूमीचा लाभ मिळत नाही, असे सातवे प्रकरण सांगते. वीचॅट या चिनी संदेश ॲपवर भारतात २०२० पासून बंदी आहे, येथे मात्र घराच्या दलालापासून कार्यालयापर्यंत सारे त्यावरच बोलतात. शिवाय नवे खाते उघडताना बऱ्याचदा जुन्या वापरकर्त्याची साक्ष लागते. येथे येण्याआधीच ती देणारा सहकारी शोधून ठेवावा. गूगल आणि व्हॉट्सॲप येथील इंटरनेटवर चालत नाहीत, म्हणून पहिले काही दिवस भारतीय सिमचे रोमिंग सुरू ठेवावे. बँकेचे ओटीपीही त्यावर येतात.

त्याच सातव्या प्रकरणात आणखी एक सूचना आहे: वेढलेल्या सैन्याला बाहेर पडायला एक वाट मोकळी ठेवावी. मी घरमालकाला तक्रारीची धमकी दिली, तेव्हा त्याने माझा फोन उचलणेच बंद केले. शेवटी एका चिनी सहकाऱ्याने त्याला फोन केला, कामाच्या गडबडीत कागद राहून गेले असतील, रविवारी आम्हीच येऊन नेतो, असे म्हटले आणि चूक कोणाची हा विषयच काढला नाही. रविवारी कागद मिळाले, शिवाय त्याने आम्हाला चहाला बसवून घेतले.